सभ्य चोराचं करायचं काय?

चोर निवडण्याची संधी सामान्य माणसाला मिळत नाही. कधी मिळालीच, तर माझा सल्ला आहे, दांडगा निवडा. पहार घेऊन येणारा, कुलपावर घाव घालणारा, दाराची फळी फोडणारा आणि जाताना उगाचच दोन खुर्च्या लाथाडणारा. असा चोर सगळं घेऊन गेला तरी तुमचा विम्याचा दावा शाबूत ठेवून जातो. हलक्या हाताचा, आवाज न करणारा, आपल्या कामाचा अभिमान असलेला चोर आला, तर सामानही गेलं आणि भरलेला हप्ताही गेला. घरफोडीचा विमा वस्तूंचा असतो अशी लोकांची समजूत आहे. तो चोराच्या वर्तनाचा असतो.

हे ज्ञान मला पुनर्विकासाने दिलं. आमच्या सोसायटीने ‘७९अ’चे सगळे सोपस्कार केले, बिल्डर ठरला, कॉर्पस ठरला, आणि इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत दरमहा भाडंही ठरलं. पण बिल्डर भाडं देतो ते माणसांचं. बंबाचं, घंगाळाचं, पाटांचं आणि विश्वकोशाच्या खंडांचं भाडं कुठल्याही करारनाम्यात नसतं. मराठी घरातलं सामान तीन प्रकारचं असतं : रोज लागणारं, सणाला लागणारं आणि ‘असू दे, लागेल’. भाड्याच्या फ्लॅटमध्ये पहिलं कसंबसं मावतं, दुसरं माळ्यावर जातं आणि तिसरं, जे पहिल्या दोहोंच्या दुप्पट असतं, ते दारात उभं राहतं. आईच्या मते त्यातलं काहीही टाकण्यासारखं नव्हतं. बायकोच्या मते त्यातलं काहीही ठेवण्यासारखं नव्हतं. सामान ठेवायच्या भाड्याच्या खोल्या म्हणजे या दोन मतांमधली तडजोड. त्या धंद्याला बरकत का आहे, हे त्यावरून कळावं.

शहराबाहेर पत्र्याचं मोठं गोदाम, आत प्लायवूडच्या पार्टिशनने पाडलेल्या खोल्या, प्रत्येक खोलीला दार, दाराला कोयंडा, कोयंड्याला कुलूप. भाडं चौरस फुटावर. ‘चोवीस तास सीसीटीव्ही’ अशी पाटी बाहेर, आणि भाड्यात आग आणि घरफोडी यांचा विमा समाविष्ट. विम्याचे कागद इतक्या बारीक अक्षरांत होते की चष्म्याचा नंबर वाढवल्याशिवाय आपल्याला नक्की कशाचं संरक्षण आहे हे कळू नये.

घराची एक पॉलिसी माझ्याकडे आधीपासून होती, ‘भारत गृह रक्षा’. सर्वसाधारण विमा विकणाऱ्या कंपन्यांनी १ एप्रिल २०२१पासून एकाच नमुन्यात आणलेली. तिच्यात आग आहे, वीज पडणं आहे, भूकंप, पूर, वादळ, दंगल आहे. आणि यादीच्या शेवटी चोरीसुद्धा आहे. फक्त ती चोरी वरच्यापैकी एखाद्या संकटामुळे आणि ते संकट आल्यापासून सात दिवसांच्या आत झालेली हवी. म्हणजे चोराने आधी भूकंपाची वाट पाहायची, मग आठवडाभरात सवड काढायची. शिवाय ती पॉलिसी ज्या घराची होती, त्या घराच्या जागी आता खड्डा होता. तेव्हा तो रस्ता बंद.

एके शनिवारी गोदामाच्या मॅनेजरचा फोन आला. “सर, तुमच्या युनिटमध्ये जरा मूव्हमेंट झालीय.” आम्ही गेलो. कुलूप जागेवर होतं. बंद होतं. चकाकत होतं. कोयंडा मात्र त्या कुलपासकट दारावरून लोंबत होता, कारण त्याचे चारही स्क्रू काढून एका वाटीत ठेवलेले होते. वाटी आमचीच होती.

आत पाहिलं तर गृहस्थाने काम अत्यंत व्यवस्थित केलं होतं. तांब्याचा बंब, घंगाळ, पितळी परात, समया, डब्यांची उतरंड आणि शिवणयंत्र गेलं होतं. डबे एकात एक बसावेत म्हणून झाकणं काढून ओळीने मांडून ठेवली होती. विश्वकोशाचे खंड जागच्या जागी. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांची सुतळीसुद्धा सुटली नव्हती. आमच्या घरात पितळ किती आणि साहित्य किती मोलाचं, याचा निकाल बाहेरच्या माणसाने एका रात्रीत लावला.

सीसीटीव्ही पाहिला. कॅमेऱ्याचं तोंड ‘धूम्रपान करू नये’ या पाटीकडे होतं. त्या रात्री गोदामात कुणीही धूम्रपान केलं नाही, एवढं निर्विवाद सिद्ध झालं.

मॅनेजरला जबाबदारीबद्दल विचारलं. दुसऱ्याचा माल सांभाळायला घेतला, तर शहाणा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याचीही घ्यावी, असं १८७२चा करार कायदा सांगतो. मॅनेजर म्हणाला, “सर, माल आम्ही सांभाळायला घेतलाच नाही. आम्ही जागा दिली. माल तुम्ही आणून ठेवलात.” यावर करार कायद्यातही उत्तर असेल. माझ्यापाशी त्या क्षणी नव्हतं.

पोलीस चौकीत हवालदारांनी आस्थेने लिहून घेतलं. “संशय कुणावर?” असा रकाना आला तेव्हा आईने बायकोकडे पाहिलं. हवालदारांनी संसारी माणसाच्या शहाणपणाने तो रकाना कोरा ठेवला. गुन्हा भारतीय न्याय संहितेखाली दाखल झाला. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतल्या चोरीचं तिथे स्वतंत्र कलम आहे, ३०५. एफआयआरची प्रत फुकट मिळाली. या सगळ्या प्रकरणात फुकट मिळालेली ती पहिली गोष्ट.

मग सर्व्हेअर आले. सर्व्हेअर हा स्वतंत्र माणूस असतो. त्याला परवाना नियामक देतो, नेमतो आणि पैसे देतो मात्र विमा कंपनी. आमचे सर्व्हेअर मृदू स्वभावाचे होते. त्यांनी कुलूप हातात घेतलं, उलटंपालटं केलं, चारी बाजूंनी फोटो काढले आणि म्हणाले, “कुलूप शाबूत आहे.” मॅनेजर छाती काढून म्हणाला, “आमची कुलपं तुटतच नाहीत, सर.” सर्व्हेअरने ते वाक्य लिहून घेतलं.

कंपनीचं पत्र यथावकाश आलं. पहिल्या परिच्छेदात आमच्या हानीबद्दल सहानुभूती होती. दुसऱ्यापासून पुढे ती ओसरत गेली. प्रवेश बळजबरीने झाल्याची खूण नाही, सबब ही घरफोडी नाही. चोरी उघडकीस आल्यावर कंपनीला ताबडतोब कळवलं नाही. आणि वस्तूंच्या खरेदीच्या पावत्या जोडलेल्या नाहीत. दावा नामंजूर.

आमच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. पुनर्विकासात तेही आमच्याच गल्लीत भाड्याने आले. नोकरीत असताना त्यांनी आयुष्यभर लोकांचे अर्ज नामंजूर केले. निवृत्तीनंतर ते मंजूर करवून घेण्याच्या बाजूला आले आहेत आणि दोन्ही बाजूंचा अनुभव असल्यामुळे धोकादायक झाले आहेत. पत्र वाचून त्यांचा चेहरा उजळला. “बैस,” ते म्हणाले, “यात पुष्कळ मजा आहे.”

मजा अशी होती. आपल्या जुन्या दंड संहितेत, १८६०च्या, घरफोडी म्हणजे काय हे कलम ४४५मध्ये सहा प्रकारे सांगितलं होतं. त्यात कुलूप उघडून आत शिरणंही होतं. एवढंच काय, कुणाची हरवलेली किल्ली सापडली आणि त्या किल्लीने सरळ दार उघडून आत गेलं तरी ती घरफोडीच, असं उदाहरणच दिलेलं होतं. म्हणजे फौजदारी कायद्यासमोर आमचा चोर पक्का घरफोड्या. विमा पॉलिसीसमोर मात्र तो नुसता आत येऊन गेलेला गृहस्थ. कारण पॉलिसीत घरफोडीची व्याख्या वेगळी आहे आणि तिला बळाचा, हिंसेचा पुरावा लागतो. यावर सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्येच सांगून ठेवलं आहे की दंड संहितेत काहीही असो, विम्याच्या बाबतीत पॉलिसीतली व्याख्याच चालेल. त्याच निकालात न्यायालयाने अशीही आशा व्यक्त केली होती की कंपन्या पॉलिसीची भाषा सामान्य माणसाला समजेल अशी करतील. त्याला दोन दशकं होऊन गेली. माझ्या पॉलिसीतलं व्याख्येचं वाक्य काकांनी मोठ्याने वाचलं तेव्हा मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं.

“तेव्हा,” काका म्हणाले, “आपल्याला तुझा चोर हिंसक होता हे सिद्ध करायचंय.”

इथून आमच्या कुटुंबाच्या नैतिक अधःपाताला सुरुवात झाली. ज्या माणसाने कुणाला इजा केली नाही, वस्तू फेकल्या नाहीत, स्क्रूसुद्धा हरवू नयेत म्हणून वाटीत ठेवले, त्याची बदनामी करायला आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसू लागलो. स्क्रू आपणहून निघत नाहीत, हा पहिला मुद्दा. बायकोने ओळखीच्या सुतारालाच बोलावून घेतलं. त्याने लिहून दिलं की पावसाळ्यात गंजलेले स्क्रू काढायला मनगटात जोर लागतो आणि कधीकधी तळहाताला फोड येतात. काकांनी ‘जोर’ या शब्दाखाली लाल रेघ मारली.

मग स्क्रू भिंगाखाली आले. तीन ठीक होते. चौथ्याची खाच मात्र पार झिजलेली होती. तो सहज निघाला नव्हता, तो उपटला होता. आणि तो जिथून निघाला तिथे प्लायवूडचा एक टवका उडालेला होता. घरात आनंदीआनंद झाला. आईने वाटी देवासमोर ठेवली. ज्या टवक्याकडे एरवी कुणी ढुंकून पाहिलं नसतं, त्याचा पुढे पत्रव्यवहारात ‘प्रवेशद्वाराच्या रचनेचे विध्वंसक नुकसान’ असा उल्लेख झाला. ही भाषा काकांची. कंपनीने पुन्हा पाहणीला माणूस पाठवला, तोवर मॅनेजरने इतर ग्राहकांना वाईट दिसतं म्हणून त्या जागी पुट्टी भरून रंग दिला होता. पण बायकोने पहिल्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. त्यात टवका स्पष्ट दिसतो आणि मॅनेजरचा अंगठाही. त्यामुळे जागेची ओळख पटवणं सोपं गेलं.

उशिराच्या मुद्द्याला काकांनी एका बैठकीत उत्तर लिहिलं. शनिवारी चोरी कळली, त्याच संध्याकाळी पोलिसांत गेलो, रविवारी कंपनीचं कार्यालय बंद आणि फोनवर संगीत. केवळ कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नका, असं नियामकाने २०११मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ आणि २०२०मध्ये वाहनचोरीच्या प्रकरणांत तेच सांगितलं : पोलिसांत वेळेवर फिर्याद दिलेली असेल, तर विमा कंपनीला कळवायला लागलेला उशीर एवढ्याच कारणावर बोट ठेवून हात वर करता येणार नाहीत. एका माणसाचा ट्रक आणि दुसऱ्याचा ट्रॅक्टर चोरीला गेला म्हणून हा न्याय देशाला मिळाला आणि तो आमच्या घंगाळाच्या कामी आला. त्या दोघांचे आम्ही ऋणी आहोत.

राहिल्या पावत्या. “बंबाची पावती?” सर्व्हेअरने विचारलं होतं. तो बंब आजीच्या संसारात आलेला. “परातीची?” आई म्हणाली, “रुखवतात मांडलेल्या वस्तूची पावती मागायची पद्धत नव्हती आमच्यात.” आणि तिथेच आम्हाला वाट सापडली. जगातल्या कुठल्याही विमा कंपनीला हेवा वाटेल अशी मालमत्तेची नोंद मराठी माणसाने शतकानुशतकं ठेवली आहे, आणि ती म्हणजे रुखवत. आईच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीचे फोटो मोजके आहेत. रुखवताचा मात्र लांबून, जवळून, दोन्ही अंगांनी. परात, समया, उतरंड, सगळं टेबलावर ओळीने, नीट प्रकाशात. आत्या मागे उभी आहे ती वेगळी.

शिवाय आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते घरात आलं असं मानत नाहीत. डबे गेले तरी झाकणं मागे राहिली होती आणि प्रत्येक झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं : ‘आत्याकडून सप्रेम भेट, मे १९७४’. देणाऱ्याचं नाव, कारण, महिना, साल. पावतीत याहून जास्त काय असतं? एक किंमत सोडली तर. ती लिहिणं अशिष्टपणाचं मानलं जातं, आणि नेमकी तीच कंपनीला हवी होती.

किमतीसाठी सर्व्हेअरने घसारा लावला. बंबाला वर्षाला दहा टक्के. त्या हिशोबाने तो बंब आला त्याच्या अकराव्या वर्षी जगातून नाहीसा झाला होता, आणि पुढची साठेक वर्षं आमच्या घराने जे पाणी तापवलं ते शून्यात. मी कसब्यातल्या तांबट आळीत गेलो. तिथे एका वृद्ध कारागिराने फोटो पाहिला, बोटांनी हवेत घेर मोजला आणि सांगितलं, “एवढ्या जाड पत्र्याचा आता कुणी करत नाही. केला तर मठारायलाच किती दिवस जातील.” त्यांनी कागदावर लिहून दिलेला आकडा मी बाहेर येऊन पुन्हा वाचला. सर्व्हेअरच्या लेखी शून्य, तांबटाच्या लेखी दुचाकीची किंमत, आणि पंचनाम्यात ‘बंब, तांब्याचा, नग एक, जुना’. त्याची खरी किंमत काय, हे त्या वेळी एकाच माणसाला नक्की ठाऊक होतं. त्याने तो वजनावर विकला असणार.

या सगळ्यात कंपनीला आणखी एक कागद हवा होता, ‘ए समरी’. गुन्हा खरा आहे, पण गुन्हेगार सापडत नाही, असं पोलिसांनी तपास थांबवताना न्यायालयाला कळवायचं, ती ही ए समरी. (गुन्हा खोटा निघाला तर बी.) आता आमची पंचाईत पाहा. चोर सापडला असता तर भांडी मुद्देमाल म्हणून पोलिसांच्या ताब्यात, तिथून न्यायालयाच्या परवानगीने कधीतरी आमच्या ताब्यात, आणि तोवर दावा अधांतरी. तेव्हा पोलिसांना अपयश यावं अशी प्रार्थना करत मी चौकीच्या पायऱ्या चढत असे आणि वर गेल्यावर तपासात यश चिंतत असे. हवालदार म्हणाले, “काळजी करू नका, साहेब, सापडणार नाही.” इतका दिलासा मला या प्रकरणात दुसऱ्या कुणी दिला नाही.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेलो. उत्तर आलं. मजकूर आधीचाच, सही वेगळी. सहानुभूती वगळली होती. काका खूश झाले. “आता लोकपाल.”

विमा लोकपाल ही सोय पुष्कळांना माहीत नसते म्हणून थोडं सांगतो. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. तिने ती फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. लोकपालांचा निवाडा कंपनीला मानावाच लागतो. आपल्याला पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. मात्र आधीच ग्राहक आयोगात गेलेल्या माणसाला इथे घेत नाहीत. वकील चालत नाही हे कळल्यावर काकांचा चेहरा पडला होता, कारण त्यांना स्वतः बोलायचं होतं. मग त्यांनी मला तयार केलं. बायकोने वेळ लावून उलटतपासणी घेतली. तिचे प्रश्न कंपनीच्या प्रश्नांपेक्षा कठीण होते. “मुळात हे सगळं ठेवायचं कशाला होतं?” हा त्यांतला पहिला.

सुनावणी व्हिडिओवर झाली. कंपनीतर्फे एक तरुण अधिकारी होता, विनयशील, केस नीट विंचरलेला. त्याने मांडलं की स्क्रू ‘सौम्यपणे’ काढले गेले असून यात हिंसा दिसत नाही. लोकपालांनी विचारलं, “सौम्यपणे काढले, हे आपण पाहिलंत?” तो म्हणाला, “नाही.” “हत्याराशिवाय निघतात?” “नाही.” मी टवक्याचा फोटो पडद्यावर धरला. एवढ्यात आई न बोलावता चौकटीत शिरली आणि तिने झाकण कॅमेऱ्यासमोर धरलं, इतकं जवळ की लोकपालांना काही काळ फक्त ‘सप्रेम’ दिसत असावं. तिला बाजूला घेतलं जात असताना ती त्या अधिकाऱ्याला म्हणाली, “बाळ, तुझ्या आईला विचार, पितळी डबा काय असतो ते.” तो ओशाळून हसला. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण कंपनी त्यानंतर तडजोडीला तयार झाली.

फळीचा टवका उडवून, हत्याराने स्क्रू उपटून झालेला प्रवेश हा बळाचा प्रवेश आहे, हे मान्य झालं. घसारा थोडा सैल झाला. जोडीतली एकच वस्तू गेली तर तेवढ्याचेच पैसे, या नियमाने झाकणांची किंमत मात्र वजा झाली, कारण ती आमच्याकडे सुखरूप होती. महिनाभरात खात्यात रक्कम आली. बंब येण्याइतकी नव्हती. शिवणयंत्र येण्याइतकी होती, पण ते नको, यावर सासू-सुनेचं पहिल्यांदा एकमत झालं.

शेवटी आई आणि मी झाकणं पिशवीत घालून तांबट आळीत गेलो. झाकणांच्या मापाने डबे करून द्या, असं गिऱ्हाईक त्या कारागिरांकडे याआधी आलं नसावं. त्यांनी केले. द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, “नाव काय घालू?”

मी म्हटलं, “विमा कंपनीकडून सप्रेम भेट, लोकपालांच्या हस्ते.”

आई म्हणाली, “आणि किंमत घाला हो. आता काही लाज धरू नका.”